जुलैतलं मटण, जुलैतला कोहळा

ग्वांगझौमध्ये मार्चच्या आसपास एक हवा येते, तिला तिथे 'ह्वेइ-नान-थियन' म्हणतात. समुद्रावरून उबदार, दमट वारा सुटतो, घरातल्या भिंती नि फरश्या मात्र अजून थंडीतल्या गार असतात, आणि मग घराच्या आतच दहिवर पडतं. भिंतीवरून ओघळ येतात, जिन्याच्या कठड्याला हात लावला तर ओला होतो, धुतलेले कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत. कोकणातल्या श्रावणात पाणी निदान छपरावरून तरी येतं. इथे ते कुठून येतंय हेच कळत नाही.

माझ्या घरमालकीणबाई त्या दिवसांत खिडक्या गच्च लावून घ्यायच्या आणि सूप चढवायच्या. मी त्यांना 'आयी' म्हणायचे. मावशी-काकूच्या वयाच्या कुठल्याही बाईला चिनीत हेच म्हणतात. फोनवर ते ऐकून माझ्या आईने एकदा जरा घुश्शातच विचारलं होतं, "तिथे कुणाला आई म्हणतेस गं?" तर आयींच्या सुपात 'फन-ग' नावाचा कंद असायचा, आपल्या विदारीकंदाच्या कुळातला. त्याचे अंगठ्याएवढे जाड तुकडे, ओंजळभर लाल दाणे, तव्यावर दोन्ही बाजूंनी परतलेला मासा आणि संत्र्याची वाळवून काळपट पडलेली साल. ही साल जितकी जुनी तितकी महाग. दोन-अडीच तास मंद आचेवर. भिंतीत शिरते तशी माणसातही ओल शिरते आणि हे सूप ती बाहेर काढतं, असं त्यांचं म्हणणं. मी दोन वर्षं ते प्यायले. आवडीने प्यायले. पुढे जे लिहिते आहे ते त्या सुपाविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवते. तक्रार आहे ती त्या भांड्यावर कुणीतरी आणून चिकटवलेल्या औषधाच्या चिठ्ठीबद्दल, म्हणजे 'या ऋतूत हे खा, रोग जाईल' या दाव्याबद्दल.

आता जुलै घ्या. ग्वांगझौत उकाड्याचा कहर असतो आणि घरोघरी कोहळ्याचं सूप शिजतं. हो, आपला कोहळाच, पेठ्याचा आणि दारावर टांगायचा. तिथे त्याला नाव 'हिवाळी भोपळा' आणि मान उन्हाळ्यात. अंगातली उष्णता उतरवणारा म्हणून तो गुणाने 'थंड'. त्याच जुलैत उत्तरेला जियांग्सू प्रांतातल्या श्यूझौ शहरात मात्र लोक वाफाळत्या मटणाच्या रश्श्यावर तुटून पडतात. चिनी पंचांगातला उन्हाळ्याचा सगळ्यात कडक टप्पा सुरू झाला की तिथे त्याचा उत्सवच असतो. मटण गुणाने 'उष्ण'. घामाने निथळत खायचं.

दोन्हीकडे विचारलं तर दोन्हीकडून उत्तर एकाच शास्त्रातून येतं. ग्वांगझौवाला म्हणतो, बाहेर ऊन, आत ऊन, म्हणून थंड खा. श्यूझौवाला दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगदी नेइचिंग' ग्रंथातलं वचन काढतो: वसंत-ग्रीष्मात 'यांग', म्हणजे अंगातली ऊब, जपावा; शरद-हेमंतात 'यिन', म्हणजे गारवा-ओलावा, जपावं. उन्हाळ्यात अंगातली ऊब कातडीकडे धावते, पोट आतून गार आणि रिकामं पडतं, म्हणून गरम खा. चिनी म्हणही त्याच्याच बाजूने आहे: हिवाळ्यात मुळा, उन्हाळ्यात आलं, मग वैद्याच्या चिठ्ठीची गरज नाही.

मला या दोघांपैकी कुणाला खोटं पाडायचं नाही. पण ज्या सिद्धांतातून जुलैतलं मटणही निघतं आणि जुलैतला कोहळाही, तो सिद्धांत काय काम करतो ते नीट पाहायला हवं. श्यूझौला मटण खायची जुनी सवय आहे. ग्वांगझौच्या बाजारात कोहळे ढिगाने येतात. आपण जे खातोच आहोत त्याला घरच्यांपुढे, पाहुण्यांपुढे, पोरांपुढे अर्थ देण्याचं काम हा सिद्धांत उत्तम करतो. रबरासारखा ताणतो म्हणूनच तो एवढ्या मोठ्या देशात, एवढ्या वेगवेगळ्या हवांत टिकला. घरगुती संस्कृती म्हणून तो त्याचा गुण आहे. पण उपचार म्हणून तोच दोष ठरतो, कारण जे कधीच चुकू शकत नाही त्याचा इलाज लागू पडला की नाही हे ठरवणार कसं?

या ऋतू-आहाराबद्दल 'पाच हजार वर्षांचं अखंड ज्ञान' असं जे छापलेलं असतं ते वाचून मला हसू येतं, कारण ते छापणारे आपल्याच पूर्वजांची भांडणं लपवतात. 'चौ-ली' या प्राचीन ग्रंथात राजवाड्यातल्या चार प्रकारच्या वैद्यांची यादी आहे. आहारवैद्य पहिला, गुरांचा वैद्य शेवटचा. त्या आहारवैद्याला नियम असा, की वसंतात आंबट जास्त, ग्रीष्मात कडू, शरदात तिखट, हिवाळ्यात खारट. आता सातव्या शतकात या. सुन सि-म्याओ हा थांग राजवटीतला वैद्य, चिनी वैद्यकातलं फार मोठं नाव. आधी आहाराने बरं करा, ते जमलं नाही तरच औषधाकडे वळा, हे त्याचंच सांगणं. तो म्हणतो, वसंतात आंबट कमी करा आणि गोड वाढवा. बरं, दोघांच्या हातात ऋतू, तत्त्व, अवयव आणि रस यांची जोडी लावणारं कोष्टक एकच! वसंत म्हणजे काष्ठतत्त्व, म्हणजे यकृत, म्हणजे आंबट रस. एक म्हणतो, यकृताचा ऋतू आहे, तर त्याचा रस खा. दुसरा म्हणतो, यकृत आधीच शिरजोर झालंय, आंबट घातलंत तर ते प्लीहेला दाबेल, म्हणून प्लीहेसाठी गोड खा. पुढे 1330 साली मंगोल बादशहाच्या दरबारातल्या हू स-ह्वेइ या आहारवैद्याने आणखी वेगळीच मांडणी केली. वसंतात गहू, ग्रीष्मात कडधान्य, शरदात तीळ, हिवाळ्यात बाजरीच्या जातीचं धान्य. त्याच्या ग्रंथात मेंढीचं मांस जागोजागी आहे, कारण जेवणारे मंगोल होते.

हे वाचून माझा आदर कमी झाला नाही, उलट वाढला. ही माणसं विचार करत होती, समोरच्या ताटाकडे पाहत होती, आधीच्याचं खोडत होती. आजच्या रील्समध्ये मात्र फिकट हिरव्या पार्श्वभूमीवर 'वसंतात आंबट टाळा' एवढंच उरतं. आणि ते पुण्यातली, ठाण्यातली, न्यू जर्सीतली मराठी मंडळी एकमेकांना पाठवत असतात. ऐन चैत्रात, कैरीचं पन्हं आणि आंबेडाळ समोर असताना!

चिनी वर्षाचे चोवीस सौर टप्पे 2016 मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेले. त्यांची नावं सुंदर आहेत: 'किड्यांना जाग', 'पांढरं दंव', 'थंड दंव', 'लहान हिम', 'मोठं हिम'. पण ही नावं बेतली गेली ती पीत नदीच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर जे घडत होतं त्यावर. ग्वांगझौत 'मोठं हिम' म्हणजे डिसेंबरातला एक दिवस, ज्या दिवशी आयी पातळ स्वेटर घालायच्या. हिमाचा कण नाही. म्हणून दक्षिणेने उत्तरेचं पंचांग भिंतीवर टांगलं आणि स्वयंपाक आपल्या भिंतींकडे पाहून केला. ओल, उष्मा, कडू पाल्यांचे काढे हे सगळं त्या मुलखाने आपल्यापुरतं रचलं. चीनच्या आतच हजार-दीड हजार किलोमीटरवर जो ऋतू जुळत नाही तो सह्याद्रीच्या पायथ्याशी कसा जुळेल? आमच्याकडे तर सगळा जीव मृगावर टांगलेला. त्यांच्या चार ऋतूंत आमच्या पावसाळ्याला जागाच नाही. 'दीर्घ ग्रीष्म' म्हणून एक पाचवा कोपरा ते काढतात, तोही आमच्या चार महिन्यांना पुरत नाही.

सिच्वानचा माणूस सांगतो की मिरची अंगातली ओल काढते, म्हणून आमच्या धुकट खोऱ्यात ती हवीच. ऐकायला हजारो वर्षांपूर्वीचं वाटतं. मिरची मूळची अमेरिका खंडातली, चीनमध्ये ती पोचली सोळाव्या शतकाच्या शेवटाला. आधी मिरची आली, ती आवडली आणि मग शास्त्राने तिला जागा करून दिली. आपण हसू नये. पोर्तुगिजांबरोबर गोव्याच्या बंदरात उतरलेली हीच मिरची आपल्या ठेच्यात 'परंपरा' होऊन बसली आहे आणि परदेशी बटाटा तर थेट उपासाच्या ताटात. मिरचीशिवायचं सिच्वान आणि बटाट्याशिवायची एकादशी, दोन्ही आता डोळ्यांसमोर आणूनही येत नाहीत.

ऋतूनुसार खाण्याचं आजचं कौतुक करणाऱ्यांचा फ्रिज बहुतेक भरलेला असतो, हाही एक मुद्दा आहेच. बेइजिंगमध्ये 1980च्या दशकापर्यंत 'हिवाळी आहार' याचा अर्थ कोबी. लांबट चिनी कोबीचे ढीग नोव्हेंबरात रस्त्याच्या कडेला लागायचे. घरटी शेकडो किलो घेऊन जिन्यात, गच्चीत रचून, गोधड्या पांघरून ठेवायचे आणि मार्चपर्यंत तोच खायचा. शिजवून, आंबवून, मिठात घालून. त्यात कुणी 'यिन' जपत नव्हतं. दुसरं काही मिळत नव्हतं. 1989 साली शानडोंग प्रांतातल्या शौग्वांगजवळच्या एका गावात वांग लयी या गावप्रमुखाच्या पुढाकाराने सतरा हरितगृहं उभी राहिली, कोळसा न जाळता नुसत्या सूर्याच्या उबेवर हिवाळ्यात काकडी पिकवणारी. त्या तंत्राने उत्तर चीनचा हिवाळा बदलला. जानेवारीत काकडी खाणं हे कोष्टकाप्रमाणे घोर पाप, कारण काकडी थंड. पण चार महिने नुसत्या खारवलेल्या कोबीवर काढलेल्या म्हाताऱ्यांना विचारा, ते काय निवडतील.

आता त्या चिठ्ठीकडे येते, कारण खरा सार्वजनिक प्रश्न तिथे आहे.

2010 साली चीनमध्ये झांग वूबेन नावाचा एक आहारगुरू टीव्हीवर आला. मूग उकळून त्याचं पाणी भरपूर प्या, मधुमेहापासून रक्तदाबापर्यंत सगळं उतरेल, असं त्याचं सांगणं. मूग म्हणजे उन्हाळ्यातला 'थंड' पदार्थ. आपल्याकडे आजारी माणसाला मुगाचं कढण देतात, तसंच त्यांच्याकडे मुगाचं गार पाणी. म्हणजे मूळ गोष्ट साधी, सवयीची, निरुपद्रवी. तिच्यावर त्याने औषधाची चिठ्ठी लावली. त्याचं पुस्तक धडाधड खपलं. त्याच सुमाराला मुगाचे भावही कडाडले. आदल्या वर्षीचा दुष्काळ आणि साठेबाजी हीही कारणं होतीच, पण लोकांनी खापर फोडलं ते या 'मूग-वैद्या'वर आणि एक शाब्दिक कोटीही निघाली. 'तुझी गंमत करतोय' या अर्थाच्या चिनी शब्दांत पहिलं अक्षर 'डोउ' आहे. त्याच्या जागी तसाच उच्चार असलेलं कडधान्याचं 'डोउ' घातलं. शेवटी सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की हा माणूस सांगतो ती पात्रता त्याच्याकडे नाही. तो आधी कापड गिरणीत कामगार होता. गिरणी कामगार असण्यात काही कमीपणा नाही. पण मधुमेहावर मूग प्या म्हणायचं असेल तर त्याला मुगापेक्षा भक्कम आधार लागतो.

दुसरं उदाहरण याहून कडू आहे. युनान प्रांतात थंडी पडली की 'अंगात ऊब भरण्यासाठी' बचनागाच्या जातीची मुळं मांसात घालून शिजवायची रीत आहे. बचनाग म्हटल्यावर मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. ती मुळं तासन्‌तास उकळली की विष बरंचसं मोडतं. 'बरंचसं' हा शब्द महत्त्वाचा. भांडं मोठं, आच कमी, पाहुणे घाईत, नाहीतर मध्येच गार पाणी ओतलं, की सगळं घर दवाखान्यात. जवळजवळ दर हिवाळ्यात तिथल्या सरकारला इशारे काढावे लागतात आणि तरी माणसं दगावतात. इथे ऋतूचा सिद्धांत नुसता शोभेचा राहत नाही. थंडी आली म्हणजे उष्ण हवं, आणि सगळ्यात उष्ण काय तर हे मूळ, अशी साखळी तोच जोडून देतो.

यावर चिनी वैद्यकाचा जाणकार एक चांगला आक्षेप घेईल, आणि तो घेतलेला मी ऐकलाही आहे. तो म्हणेल, आम्ही सरसकट सांगतच नाही. प्रकृती पाहून सांगतो. खरं आहे. त्यांच्या वैद्यक संघटनेने 2009 मध्ये माणसाच्या नऊ प्रकृतींचं मानकच काढलंय. पण मग अडचण त्यांचीच होते. माणसागणिक वेगळं, हा नियम असेल तर भिंतीवरच्या तक्त्यावर, दूध-चहाच्या पेल्यावर, सुपरमार्केटच्या फलकावर 'आज अमुक टप्पा सुरू, आज हे खा' असं एक अब्ज चाळीस कोटींना एकदम सांगणं त्या शास्त्राच्याच विरुद्ध जातं. वैद्य समोर बसून नाडी पाहून काय सांगतो तो वेगळा वाद. मी बोलतेय ते फलकाबद्दल.

चीनच्या कायद्याला हा धोका कळलेला आहे, कागदावर तरी. 2002 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने 'अन्नही आणि औषधही' अशा 87 पदार्थांची यादी काढली. यादीबाहेरचं औषध खाद्यपदार्थात घालायचं नाही आणि खाद्यपदार्थाच्या जाहिरातीत रोग टाळण्याचा किंवा बरा करण्याचा दावा करायचा नाही, असं तिथला अन्नसुरक्षा कायदा सांगतो. 2019 मध्ये यादीत हळद, केशर आणि पिंपळी आली, पण फक्त मसाला म्हणून वापरायला. पिंपळीचं चिनी नाव 'बी-बो', आपल्याच 'पिप्पली'चं रूप. शेकडो वर्षांपूर्वी इथून नाव घेऊन गेली, आणि परवानगी आत्ता मिळाली. आपल्याकडेही 2022 मध्ये 'आयुर्वेद आहार' म्हणून वेगळे नियम झाले. त्याचं बोधचिन्ह मिरवणारी पाकिटं दुकानात दिसतात. मला वाटतं, पुढच्या काही वर्षांत आपल्याकडे नेमका हाच वाद होणार आहे आणि चीनच्या अनुभवातून आधीच शिकता येईल. पाकिटावर पदार्थ काय, त्यात मीठ किती, साखर किती, एवढं ठळक लिहा. ऋतू लिहायचा तर हौसेने लिहा. रोगाचं नाव लिहायचं असेल तर मग औषधाच्या कसोटीला उतरा, ग्रंथातल्या श्लोकाच्या नाही.

आणि ही कसोटी स्वयंपाकघराला लावता येत नाही असं कुणी म्हणू नये. ती लावली गेली आहे, त्याच चीनमध्ये. उत्तरेकडच्या पाच प्रांतांतल्या 600 गावांत सुमारे 21 हजार लोक घेतले; कुणाला पक्षाघात होऊन गेलेला, कुणी साठीपुढचे आणि रक्तदाबाचे. अर्ध्या गावांनी नेहमीचं मीठ खाल्लं, अर्ध्या गावांना असं मीठ दिलं ज्यात पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराइड होतं. जवळजवळ पाच वर्षांनी मोजलं. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आला: बदललेल्या मिठाच्या गावांत पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी, मृत्यूही कमी. पदार्थ तेच, चुली त्याच, खारवलेला कोबीही तोच. फक्त बरणीतलं मीठ बदललं. ज्यांची मूत्रपिंडं फार बिघडली आहेत त्यांना यात घेतलं नव्हतं, कारण त्यांना पोटॅशियम धोक्याचं. म्हणजे हे मीठ कुणी घ्यायचं नाही, हेही स्पष्ट सांगता येतं. मुगाच्या पाण्याबद्दल असं कुणी सांगितलं होतं?

कुणीतरी लगेच म्हणेल, 'नेइचिंग'मध्ये लिहिलंच आहे की खारट फार खाल्लं तर नाडी गोठते, रंग बदलतो. लिहिलं आहे, खरंच. पण त्याच ओळीच्या आजूबाजूला कडू, तिखट, आंबट, गोड यांचेही असेच दुष्परिणाम ओळीने दिले आहेत. पाचांतला एक आज बरोबर दिसतो म्हणून पाचही सिद्ध झाले असं होत नाही. कोणता बरोबर, हे शेवटी त्या 600 गावांनी सांगितलं.

मग आयींचं सूप? ते मी इथे पुण्यात करते. घरी शिजवलेलं, भाजी भरपूर, तेल नावाला, जेवणाआधी पोटात जाणारं ऊन पाणी. इतकं चांगलं असायला त्याने आणखी काही सिद्ध करायची गरज नाही. फन-ग इथे मिळत नाही. मे महिन्यात मंडईतून कोहळ्याची फोड आणली, आल्याचे काप घातले, तासभर मंद आचेवर ठेवलं. मीठ अर्धा चमचा, कारण आईचा रक्तदाब. वाटी तिच्यापुढे ठेवली. तिने एक घोट घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे बेचव आहे असं नाही म्हणत मी. पण फोडणी राहिली का?"

मग उठून तिने स्वतःच छोटी कढई ठेवली. तूप, जिरं, हिंग, चार पानं कढीलिंबाची. चुर्र आवाज झाला, वास घरभर पसरला, आणि मीठ तिने वरून घेतलं नाही.